नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे

नेपोलियनच्या लढायांचीं वर्णनें मराठी वाचकांनीं पुष्कळ वाचलीं आहेत; पण त्या लढायांत घायाळ होऊन जे पडले त्यांचें पुढें काय झालें, या चौकशीस सहसा कोणी लागत नाहीं. लागल्यास दोमिनिक लारे या शस्त्रवैद्याशीं गांठ पडल्यावांचून राहत नाहीं.

लारेचा जन्म १७६६ सालीं पिरिनीज पर्वतांतील एका खेड्यांत झाला. लहानपणींच पितृछत्र हरपल्यामुळें तो तूलूज येथें आपल्या शस्त्रवैद्य चुलत्याच्या हाताखालीं शिकला. १७९२ सालीं तो ऱ्हाईनकडील सैन्यांत आला, तेव्हां जखमींच्या गाड्या रणांगणापासून कोसभर मागें ठेवण्याची वहिवाट होती. लढाई संपेपर्यंत घायाळ शिपायानें पडल्या जागींच कण्हत राहावें! घोड्यांच्या बळावर तोफा हव्या तेथें धांवतात, मग वैद्यानेंच कां मागें राहावें, असें मनांत येऊन लारेनें हलक्या गाड्यांचें ‘उडतें’ रुग्णपथक उभारलें. इजिप्तच्या वाळूंत त्यानें हेंच काम उंटांकडून करून घेतलें. ज्याची जखम अधिक घातक त्याला आधीं हात लावावयाचा, हुद्दा पाहावयाचा नाहीं, हा त्याचा दुसरा नियम.

१८१२ सालीं बोरोदिनो येथें त्यानें एका अहोरात्रांत सुमारें २०० हातपाय कापले. आकडा ऐकून अंगावर कांटा येतो. पण भूल देण्याची सोय नसलेल्या व जंतूंचें ज्ञान नसलेल्या त्या काळांत जखम सडण्यापूर्वीं अवयव काढणें हाच पुष्कळदां प्राण वांचविण्याचा मार्ग होता.

मात्र त्याची खरी कसोटी लागली ती १८१३ सालीं. रशियांतील संहारानंतर नेपोलियननें कोंवळ्या पोरांची नवी भरती केली होती. ल्युत्झेन व बाउत्झेन येथील लढायांनंतर त्यांपैकीं सुमारें अडीच हजार जण हाताबोटांस गोळ्या लागलेले आढळले. लढाई चुकविण्यासाठीं त्यांनीं आपले हात आपणच जायबंदी केले, असा आरोप झाला. आरोप करणारांत मार्शल सूल अग्रेसर होता. अपराध शाबीत झाल्यास देहान्त. चौकशी लारेकडे आली. ड्रेस्डेन येथें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एकेक हात तपासला. बादशहाचें मत आधींच कलुषित झालें होतें, हें कोणास ठाऊक नव्हतें? तरीही लारेनें स्वच्छ सांगितलें कीं, एकाहीविरुद्ध पुरावा नाहीं. रांगांनीं उभ्या केलेल्या नवशिक्यांना बंदूक नीट चालवितां येत नव्हती, आणि मागल्यांच्या गोळ्या पुढल्यांच्या हातांस लागल्या होत्या. हा निष्कर्ष अपुऱ्या कवाइतीकडे, म्हणजे वरिष्ठांकडेच, बोट दाखवीत होता. पण नेपोलियननें तो मानला! पोरें सुटलीं, आणि लारेकडे हिऱ्यांत जडविलेली बादशहाची तसबीर व सालीना ३,००० फ्रँकांचें निवृत्तिवेतन आलें. येथें नेपोलियनलाही त्याचें श्रेय दिलें पाहिजे.

१८१५ सालीं वॉटर्लूनंतर लारे प्रशियनांच्या हातीं सांपडला. त्याला गोळी घालण्याची तयारीही झाली होती. इतक्यांत त्याचीं व्याख्यानें ऐकलेल्या एका प्रशियन शस्त्रवैद्यानें त्याला ओळखलें, म्हणून तो वांचला. सेंट हेलेना येथें १८२१ सालीं नेपोलियन वारला, तेव्हां त्याच्या मृत्युपत्रांत लारेच्या नांवें एक लक्ष फ्रँक निघाले.

लारे १८४२ सालीं ल्यों येथें निवर्तला. पॅरिस येथील इन्व्हालीद या जायबंदी शिपायांच्या आश्रमांत आपणांस मूठमाती मिळावी, अशी त्याची इच्छा होती. त्या वेळीं युद्धमंत्री होता तोच सूल. त्यानें परवानगी नाकारली. लारेच्या अस्थि तेथें पोहोंचल्या त्या १९९२ सालीं.