वस्तऱ्याची धार चामोटीवर कशी लावतात?

बीडसह मराठवाड्यात न्हावीकाम करणाऱ्याला 'वारीक' म्हणतात. त्याच्या धोकटीत वस्तऱ्यासोबत चामोटी, म्हणजे चामड्याचा पट्टा असे. दगडावर घासून पात्याला नवी धार येते. चामोटीवर मात्र दाढी करताना वाकलेली धार सरळ होते. त्यामुळे पार बोथट झालेला वस्तरा नुसत्या चामोटीने सुधारत नाही.

पट्टा एका टोकाला अडकवून ताणून धरायचा. पाते असे सपाट टेकवायचे की पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागतील. मग पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढायचे. टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवून परत आणायचे. धारेवरून उलटवले, तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. जोर लावला किंवा पट्टा सैल पडला, तर धार गोल होते. दाढीपूर्वी 20-30 फेऱ्या पुरतात.

खरा धोका वेगळाच आहे. 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकू शकतो. एकच वस्तरा आणि चामोटी अनेकांसाठी वापरली, तर रक्तातून संसर्ग पसरू शकतो. म्हणून चामोटीचा वस्तरा एकट्याने वापरण्यापुरताच ठीक. सलूनमध्ये मात्र नवे ब्लेड आपल्यासमोर लावले का, हे जरूर पाहा.