‘कहर’ करणारी काहिरा

२०१३चा उन्हाळा. इजिप्तमधल्या दीना मोहम्मद या अठरा वर्षांच्या मुलीने टम्बलरवर एक कॉमिक टाकलं. सुरुवात थट्टेतून झाली होती. नायिकेच्या डोक्यावर हिजाब, हातात तलवार आणि कान इतके तिखट की स्त्रीद्वेषाची बडबड लांबूनच ऐकू येते. नाव काहिरा. कैरो शहराचं अरबी नाव हेच. अर्थ, नमवणारी. आपल्या बोलण्यातला ‘कहर’ आणि अल्लाहच्या नावांतलं ‘कह्हार’ त्याच धातूतून आलेत.

पहिला फटका बसला तो बायकोच्या आज्ञाधारकपणावर प्रवचन झोडणाऱ्याला. त्यानंतर पाळी आली ‘फेमेन’ची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपातल्या या संघटनेने मुस्लिम स्त्रियांना ‘मुक्त’ करण्यासाठी मशिदींसमोर अर्धनग्न निदर्शनं केली होती. मुक्त व्हायचंय का, हे विचारायची तसदी मात्र घेतली नव्हती. दीनाने दोघांनाही एकाच तलवारीच्या टप्प्यात आणलं. मला या कॉमिकचं खरं मोल इथे दिसतं. नुसत्या मौलवीवर हसली असती, तर पश्चिमेने डोक्यावर घेतलं असतं. नुसती फेमेनवर हसली असती, तर घरच्यांनी.

तिसरा विषय सगळ्यांत जळजळीत होता, छेडछाड. तहरीर चौकात आंदोलक स्त्रियांवर जमावाने केलेले हल्ले ताजे होते. यूएन विमेनच्या २०१३च्या पाहणीत ९९.३ टक्के इजिप्शियन स्त्रियांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्या देशात बहुसंख्य मुस्लिम स्त्रिया डोकं झाकतात. तेव्हा ‘कपडेच कारण’ म्हणणाऱ्यांना हा आकडाच उत्तर होता. दीनाने त्याला चेहरा दिला. छळाची व्याख्या करून शिक्षा ठरवणारा कायदा जून २०१४मध्ये आला. तो कॉमिकमुळे आला, असं कुणी म्हणू नये. पण ती चित्रं इंग्रजीबरोबर अरबीतही निघाली आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांच्यापर्यंत पोचली.

याच काळात अमेरिकेत मार्व्हलने कमला खान आणली. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी, स्वतः सुपरहिरोंची चाहती, अ‍ॅव्हेंजर्सवर फॅन-फिक्शन लिहिणारी. संपादक सना अमानत. लेखिका जी. विलो विल्सन, इस्लाम स्वीकारलेली आणि काही वर्षं कैरोत राहिलेली. फेब्रुवारी २०१४मध्ये कमलाची स्वतंत्र मालिका सुरू झाली.

जानेवारी २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसवर इस्लामला हिटलरशी जोडणाऱ्या जाहिराती लागल्या. पैसे भरून लावलेल्या, म्हणून कायद्याने हटवणं अवघड. काही कार्यकर्त्यांनी त्यांच्यावर कमलाची चित्रं आणि द्वेषाविरुद्धच्या घोषणा चिकटवल्या. त्या बसचे फोटो जगभर फिरले. जाहिरातदाराच्या पैशाने घेतलेली जागा एका काल्पनिक पोरीने बळकावली! निषेधाची पत्रकं आपणही पुष्कळ काढतो. दुसऱ्या दिवशी ती कोण वाचतं, हे सांगायला नको.

दीना पुढे छापील पुस्तकाकडे वळली. ‘शुबैक लुबैक’मध्ये कैरोतल्या टपरीवर इच्छा विकायला ठेवल्यात. २०१७मध्ये त्याला कैरो कॉमिक्स महोत्सवात पारितोषिक मिळालं. २०२३मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली, तीही अरबीसारखी उजवीकडून डावीकडे वाचायची.