तबकडीचा पाठ आणि जुन्या मनगटी घड्याळाची पारख

जुने मनगटी घड्याळ घेणारा बहुधा ते चालते की नाही एवढेच पाहतो. वस्तुतः बिघडलेले यंत्र दुरुस्त होते. तबकडी पुसून पुन्हा रंगविली की मूळ पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून हस्तलिखिताप्रमाणे तबकडीचाही पाठ तपासणे अवश्य आहे.

स्विस घड्याळेच घेऊ. अंधारात वेळ दिसावी म्हणून पूर्वी काट्यांवर व आकड्यांवर रेडियमचा लेप देत. न्यू जर्सीतील रंगकाम करणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवीत व त्यापायी दगावत. त्यांच्यापैकी पाचजणींचा दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. १९६० नंतरच्या दशकात रेडियमच्या जागी ट्रिटियम आले, आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोहों बाजूंस रोमन ‘टी’ हे अक्षर उमटू लागले.

हे एकच अक्षर फार बोलके आहे. १९५० चे म्हणून दाखविलेल्या घड्याळावर ते आढळल्यास सांगितलेले साल तरी खोटे, नाही तर तबकडी तरी मागाहूनची. (ती निर्मात्यानेच दुरुस्तीच्या वेळी बदललेली असू शकते, हा प्रक्षेप खरा, परंतु लबाडी नव्हे.) ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, तेव्हा १९६५ चा लेप आज रात्रभर उजळत असेल, तर तो नवा होय. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे. तथापि त्याच्या किरणांनी लेपातील झिंक सल्फाइड निकामी होते. उजेड मावळतो, किरणोत्सर्ग उरतो. असे घड्याळ घरी उघडू नये.

डागाळलेली परंतु अस्पर्शित तबकडी मी चकचकीत तबकडीहून श्रेष्ठ मानतो. बाजारभाव पुष्कळदा उलट मागितला जातो.