व्हॅनच्या इंजिनाची राखून ठेवलेली ताकद

भोपाळच्या चढउताराच्या रस्त्यांवरील प्रवासी वाहतुकीचा मोठा भार अनेक दशके लहान गाड्यांनी वाहिला, आणि त्यांतील कित्येक गाड्यांचे मूळ नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बजाज टेम्पो या कंपनीत सापडते. तिची जर्मन परवान्यावर बांधलेली तीनचाकी हॅन्सीट भोपाळकरांमध्ये ‘भट सूअर’ म्हणून ओळखली जाई. पुढे मॅटाडोर आली, आणि १९८७ मध्ये ट्रॅव्हलर, जी इंदूरजवळच्या पिथमपूरला तयार होते.

ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीजच्या १९७७ मधील टी-१ या व्हॅनवरून घेतलेला आहे. त्या व्हॅनमधील २.४ लिटरचे ओएम-६१६ हे डिझेल इंजिन मर्सिडीजच्या मोटारीतही होते. मोटारीला १९७८ पासून त्यातून ७२ अश्वशक्ती मिळू लागली आणि १९७९ च्या जी-वॅगन या रानावनात चालणाऱ्या गाडीलाही तेवढीच मिळाली, व्हॅनला मात्र १९८२ पर्यंत ६५ वरच ठेवण्यात आले. म्हणजे फरक लोखंडात नव्हता, तो इंजिनाकडून कोणते काम घ्यायचे याविषयीच्या निर्णयात होता.

शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात क्रँकशाफ्टला मिळणारे पिळाचे बळ, आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. प्रवासी भरलेली व्हॅन दर थांब्यावर उभी राहते आणि पुन्हा निघते, म्हणून तिला कमी फेऱ्यांवर भरपूर बळ लागते, वरच्या फेऱ्यांवरील शक्ती तिच्या फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय तिचे इंजिन आखूड नाकाखाली, चालकाच्या पायांजवळच्या झाकणाआड कोंबलेले असते, तेथे वारा कमी खेळतो, आणि दर फेरीला जितके अधिक डिझेल जाळावे तितकी उष्णता साठत जाते. मोटारीच्या किंवा जी-वॅगनच्या मोकळ्या बॉनेटखाली ही अडचण कमी असते, आणि पूर्ण बोजाही तिच्यावर रोजच पडत नाही. दिवसभर भाड्याने धावणाऱ्या गाडीच्या मालकाला काही अश्वशक्ती गमावण्यापेक्षा सिलिंडर हेड तापून निकामी होणे कितीतरी महाग पडते, हे लक्षात घेता कारखान्याची ही सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे.

बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी हा विचार टिकून राहिला. कंपनीच्या २.६ लिटरच्या डिझेल इंजिनातून ट्रॅव्हलर ११५ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तर २०२४ च्या गुरखा या डोंगरी गाडीत त्याच इंजिनातून १४० अश्वशक्ती निघते, पण टॉर्क ३२० वर थांबतो. २०२१ मध्ये मात्र गुरखाला अवघी ९१ अश्वशक्ती दिली होती, आणि तेव्हा व्हॅनच अधिक जोरकस होती.