एकाच नावाचे पूर्वज : वंशशोधातील एक पेच

आपल्या समाजात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे घराण्याची वंशावळ मांडू लागताच एकच नाव पिढ्यापिढ्यांतून पुन्हा भेटते, आणि कोणता दस्तऐवज कोणत्या पुरुषाचा, हा प्रश्न उभा राहतो.

तापीकाठच्या इतिहासातच याचे बोलके उदाहरण आहे. गायकवाड घराण्यातील पहिले दमाजी १७२० मधील बाळापूरच्या लढाईत नावारूपास आले आणि पुढच्याच वर्षी निवर्तले. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी सोनगड हे आपले ठाणे केले. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांचा खून झाला. पिलाजीरावांचे पुत्र पुन्हा दमाजीच. ते १७६१ मध्ये पानिपतावर होते व १७६८ मध्ये वारले. दोघांना एक मानले, तर बाळापूर आणि पानिपत या चाळीस वर्षांच्या अंतरावरील लढाया एकाच पुरुषाच्या नावावर जमा होतील. ‘समशेर बहादूर’ या किताबानेही घोटाळा होतो; तो गायकवाडांकडे होता आणि बाजीराव-मस्तानी यांच्या पुत्राचे ते नावच होते.

या पेचातून सुटण्याची वाट मराठी नामपद्धतीतच आहे. बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ या दोन पेशव्यांना वेगळे करते ते वडिलांचे नाव. मात्र आजा-नातवाची नावे आलटून पालटून येत राहिली की तेवढा पुरावाही अपुरा पडतो. मग गाव, कुळ, देवक, पत्नीचे नाव आणि साल यांचा मेळ घालावा लागतो. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलत असे, म्हणून तेथे उलट अडचण येते : व्यक्ती एक, नावे दोन.

सुरतच्या डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून उदरनिर्वाहासाठी आलेली असंख्य कुटुंबे नांदत आहेत. त्यांतील अनेकांचे आडनाव ‘पाटील’. हे मुळात वतनाचे पद. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळूनही दोन घराणी सर्वस्वी भिन्न असू शकतात. अशा वेळी मूळ गावाचे नाव हाच खरा धागा. तेथील जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तरच निर्णय विश्वसनीय ठरतो. जुनी नोंद मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घेणे अगत्याचे.

ही केवळ हौस नव्हे. वारसाहक्क व जातपडताळणी यांत वंशावळ पुरावा म्हणून मांडली जाते. तेथे नामसाम्यामुळे चुकीचा पुरुष जोडला गेला, तर एकाचा हक्क बुडतो आणि दुसऱ्याच्या पदरी नसलेला पूर्वज पडतो. म्हणून जेथे दुवा जुळत नाही, तेथे वंशावळीत जागा रिकामी ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

परगावी आलेल्या पिढीला मूळ गावाचे नाव आठवते. पणजोबांचे आठवतेच असे नाही. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्याकडून नावे, गावे व नाती तारखेसह लिहून ठेवावीत. ग्रंथालयातील कुलवृत्तान्त आणि इतिहासग्रंथ त्या टिपणांना आधार देतील; परंतु पहिली ओळ घरातच लिहिली गेली पाहिजे.