सोलकर, एकनाथ धोंडू

(१८ मार्च १९४८–२६ जून २००५). भारताचे कसोटी क्रिकेटपटू व शॉर्ट लेगचे विख्यात क्षेत्ररक्षक. जन्म मुंबई येथे. त्यांचे वडील पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. शाळकरी वयात एकनाथ तेथील धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम करीत. १९६५–६६ मध्ये लंडन स्कूल्सविरुद्ध ते भारतीय शालेय संघाचे कर्णधार होते. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले.

त्या काळी भारताकडे भेदक जलद गोलंदाज नव्हते. सारी भिस्त बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन यांच्या फिरकीवर असे. फिरकीचा चेंडू बॅटीची वा पॅडची कड घेऊन जवळच उडतो. तो टिपणारा क्षेत्ररक्षक नसल्यास गोलंदाजाचे कौशल्य वाया जाते. सोलकरांनी ही उणीव भरून काढली. हेल्मेटचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या त्या दिवसांत ते फलंदाजापासून काही पावलांवर वाकून उभे राहत. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. सामन्यागणिक जवळजवळ दोन झेलांचे हे प्रमाण यष्टिरक्षकेतर खेळाडूंत असामान्य ठरते.

१९७१ मध्ये ओव्हल मैदानावर याचा प्रत्यय आला. पहिल्या डावात इंग्लंडला ७१ धावांची आघाडी होती. सोलकरांनी त्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले होते व फलंदाजीत ४४ धावांची भर घातली होती. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीवर फ्लेचर यांचा आणि वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर नॉट यांचा झेल त्यांनी टिपला. नॉट यांच्या वेळी त्यांनी पुढे झेपावून चेंडू जमिनीलगत पकडला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला व भारताने इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळविला.

फलंदाज म्हणून त्यांची कामगिरी माफक होती : १,०६८ धावा, सरासरी २५·४२. तथापि संघ अडचणीत असता ते चिवटपणे खेळत. १९७१ मध्ये किंग्स्टन येथे ५ बाद ७५ अशा बिकट स्थितीत त्यांनी दिलीप सरदेसाई यांच्यासमवेत १३७ धावांची भागीदारी केली. परिणामी वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची पाळी आली. १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरील पहिल्या कसोटीत त्यांनी आपले एकमेव कसोटी शतक (१०२) झळकविले. १९७७ मध्ये ते अखेरची कसोटी खेळले. मुंबई येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

केवळ धावा व बळी मोजल्यास सोलकर सामान्य खेळाडू वाटतात. भारतीय फिरकीच्या त्या यशस्वी कालखंडाचा इतिहास मात्र त्यांच्या झेलांवाचून अपुरा राहतो.