परीक्षा टाळायला लिहिलेला निबंध

आजची गोष्ट 1951 सालची, अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातली. रॉबर्ट फानो तिथे माहिती-सिद्धांत शिकवत होते. विषय अगदी कोवळा. क्लॉड शॅनन यांचा पायाभूत लेख जेमतेम तीन वर्षांपूर्वीचा. फानोंनी वर्गाला मुभा दिली: लेखी परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहून आणा.

प्रश्न ऐकायला सोपा. मजकुरातली अक्षरं 0 आणि 1 वापरून लिहायची. वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. तारखात्याच्या मोर्स लिपीतही हीच युक्ती होती. पण मोर्समध्ये दोन अक्षरांमध्ये थांबता येतं, इथे नाही. म्हणून एका अक्षराचा संकेत दुसऱ्याच्या संकेताची सुरुवात असता कामा नये. आता सांगा, सगळ्यात कमी अंकांत मजकूर बसेल, याची खात्री देणारी रीत कोणती?

फानोंची रीत वरून खाली जाणारी. सगळ्या अक्षरांचे साधारण सारख्या वजनाचे दोन गट करायचे, एकाला 0, दुसऱ्याला 1. मग प्रत्येक गट पुन्हा फोडायचा. समजा 100 अक्षरांच्या मजकुरात ‘आ’ 40 वेळा येतो आणि बाकी चार अक्षरं 15-15 वेळा. फानोंच्या रीतीने 230 अंक लागतात. त्याहून कमीत भागतं, हे पुढे दिसेलच.

वर्गात डेव्हिड हफमन नावाचा पंचविशीतला विद्यार्थी होता. आधी नौदलात रडारची देखभाल करून आलेला. त्याने निबंध निवडला आणि काही महिने झगडला. शेवटी कंटाळून टिपणं टोपलीत टाकली, परीक्षेचाच अभ्यास करू म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच त्याला सुचलं.

त्याने खालून सुरुवात केली. सगळ्यात क्वचित येणारी दोन अक्षरं घ्यायची, ती जोडून एक समजायची, वजनांची बेरीज करायची. मग उरलेल्यांतली सगळ्यात हलकी दोन. असं एकच गठ्ठा उरेपर्यंत. आपल्या उदाहरणात चार अक्षरांच्या दोन जोड्या होतात, 30 आणि 30. त्या मिळून 60, आणि ‘आ’ एकटा 40. म्हणजे ‘आ’ला एक अंक, बाकीच्यांना तीन-तीन. एकूण 220! आणि याहून कमी शक्यच नाही. कारण उत्तम संकेतांमध्ये सगळ्यात क्वचित येणारी दोन अक्षरं झाडाच्या टोकाशी शेजारी-शेजारी बसवता येतात. तेवढं पक्कं धरलं की प्रश्न एका अक्षराने लहान होतो.

या प्रश्नाशी फानो स्वतः आणि शॅननही झुंजले होते, हे मात्र फानोंनी वर्गाला सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर कदाचित हात घातलाच नसता, असं हफमनने पुढे सांगितलं. मला फानोंचं गप्प राहणं आवडतं. आपल्याकडे बहुतेक प्रश्नपत्रिकांत उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न असतात. इथे तर मास्तरांकडेच उत्तर नव्हतं.

निबंध 1952 मध्ये शोधलेख म्हणून छापून आला. हफमनने पेटंट घेतलं नाही. तुम्ही इंदूरहून बेळगावला जेपेग फोटो पाठवता, झिप फाइल उघडता, एमपी3 गाणं ऐकता, तेव्हा आतमध्ये त्याचीच रीत चालू असते.